बाळाची जीभ मोठी दिसतेय? आधी काय बघायचं आणि कुठल्या टेस्टला उशीर करायचा नाही

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. माझ्या मुलाला बेकविथ-वीडेमन सिंड्रोम आहे, म्हणजे शरीराची वाढ हवी त्यापेक्षा जास्त होण्याचा जन्मजात आजार, आता तो सहा वर्षांचा आहे, आणि जन्मल्यापासून त्याची जीभ ओठांच्या बाहेर होती. तेव्हा मला कोणीतरी नीट क्रमाने सांगायला हवं होतं की आज काय कर, या आठवड्यात काय कर आणि काय महिनाभर थांबलं तरी चालेल. ते कोणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणाल्या डोहाळे राहिले असतील काहीतरी, म्हणून लाळ गळते, आणि खरंच मला आठव्या महिन्यात कवठाची चटणी खावीशी वाटली होती आणि मिळाली नव्हती, त्यामुळे दोन दिवस मीपण त्या कवठालाच धरून बसले. हसू येतं आता. तर हे सगळं मी त्या क्रमाने लिहितेय, ज्यांच्या घरी असं बाळ आत्ता आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट, जीभ खरंच मोठी आहे का ते बघा. लहान बाळं जीभ बाहेर काढतातच, भूक लागली की काढतात, खेळताना काढतात, तोंडाला चमचा लावला की जिभेनेच ढकलून देतात, आणि ही ढकलायची सवय साधारण चार ते सहा महिन्यांपर्यंत असते, त्यात काही नाही. फरक कळतो तो झोपेत. बाळ गाढ झोपलं की जीभ आत जाते का, ओठ मिटतात का, हे बघायचं. आमच्याकडे झोपेत पण जीभ खालच्या ओठावर पडलेली असायची, सुकून टोक फुटलेलं असायचं, आणि श्वासाला घरघर. मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, एक समोरून आणि एक बाजूने, आवाजासकट, बाळाला हात न लावता. डॉक्टरांकडे गेल्यावर बाळ हमखास रडतं आणि रडताना कुठल्याच बाळाची जीभ नीट कळत नाही, तिथे हा व्हिडिओ दाखवायचा, दहा वाक्यं बोलण्यापेक्षा तो जास्त कामाचा.

अजून एक बघायचं म्हणजे जीभ सगळीकडून सारखी मोठी आहे की एकाच बाजूला, आणि वर फोडासारखे दाणे किंवा निळसर-जांभळे डाग आहेत का. तसं असेल तर तो रक्तवाहिन्यांच्या किंवा लसीकावाहिन्यांच्या गाठीचा प्रकार असू शकतो, त्याची ट्रीटमेंट वेगळी आहे, मी त्यात पडत नाही. आणि जीभ चिकटलेली असणं, म्हणजे खालची पट्टी आखूड असणं, तो तर उलटा मामला. आमच्या एका नातेवाईक काकूंनी 'पट्टी कापून घ्या, सुटेल' असं अगदी ठामपणे सांगितलं होतं, त्या कशाबद्दल बोलत होत्या देव जाणे.

आता महत्त्वाचं. जीभ मोठी आहे असं वाटलं की गूगल करत बसायच्या आधी दोन गोष्टी करून घ्यायच्या, रक्तातली साखर आणि थायरॉइड. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही तालुक्याच्या गावातसुद्धा होतात, आणि दोन्हींत उशीर झाला तर मेंदूचं नुकसान होतं जे नंतर भरून निघत नाही. जेनेटिक टेस्ट वगैरे नंतर, त्याला आठवडे लागले तरी चालतं.

साखर का, तर बेकविथ-वीडेमनमध्ये निम्म्याच्या आसपास बाळांची साखर जन्मानंतर खाली जाते, कारण शरीरात इन्सुलिन जास्त तयार होतं. बाळ दिसायला तर गुटगुटीत असतं, आमचा ४ किलो १०० ग्रॅमचा होता, सगळे म्हणाले पैलवान आला, आणि पैलवान दुसऱ्या दिवशी दूध ओढेना, नुसता झोपायला लागला, हात लावला की बारीक थरथरायचा. नर्सने टाचेला टोचून थेंब घेतला, मीटरवर २८ आलं. नवजात बाळाची साखर ४५च्या खाली गेली की डॉक्टर सावध होतात, हे मला नंतर कळलं, तेव्हा फक्त त्या नर्सचा चेहरा बघून कळलं. लगेच एनआयसीयू, सलाइनमधून ग्लुकोज, आठ दिवस. काही बाळांना आठवड्यानंतरही साखर टिकत नाही, त्यांना डायझॉक्साइड नावाचं औषध लागतं. त्यामुळे बाळ सुस्त आहे, घाम येतोय, थरथरतंय, दूध घेत नाहीये यातलं काहीही दिसलं आणि जीभही मोठी असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच न्या. आणि डिस्चार्जच्या आधी विचारा की दोन फीडच्या मधे साखर किती राहते ते बघितलंय का, नुसती दूध प्यायल्यानंतरची नको.

थायरॉइडचं असं आहे की जन्मजात थायरॉइड कमी असलेल्या बाळांचीपण जीभ मोठी असते, शिवाय कावीळ लवकर उतरत नाही, शी होत नाही, बेंबी फुगलेली असते, रडण्याचा आवाज घोगरा येतो, अंग गार आणि बाळ फार 'शांत'. शहाणं बाळ आहे हो, त्रासच देत नाही, असं कौतुक होतं अशा बाळांचं, आणि तेच घातक आहे. यातली बरीच बाळं अशी असतात की थायरॉइडची ग्रंथीच नीट बनलेली नसते, काहींच्यात हार्मोन बनवायच्या जीनमध्ये दोष असतो, पण घरच्यांसाठी कारणापेक्षा तारीख महत्त्वाची. थायरॉइडसाठी रक्तातला टीएसएच शक्यतो तिसऱ्या ते पाचव्या दिवसात करतात, कारण पहिल्या एक-दोन दिवसांत तो तसाही वर असतो आणि उगाच घाबरायला होतं. आणि गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली तर बाळाची बुद्धी वाचते, हे एवढं सरळ आहे. गोळी चमच्यात चुरून आईच्या दुधात किंवा पाण्यात लगेच द्यायची, पूर्ण बाटलीत मिसळायची नाही, नाहीतर बाटली अर्धी राहिली की डोसही अर्धाच. लोह किंवा कॅल्शियमच्या औषधाबरोबर नको. बाळंतपण कुठे झालं त्यावर ही टेस्ट होते की नाही ते ठरतं, त्यामुळे 'झाली असेल' असं धरू नका, कागद मागा.

हे दोन झालं की मग बसून विचार करायचा, आणि त्यात पहिला प्रश्न हा की जीभ जन्मापासून मोठी आहे की नंतर झाली. डॉक्टरांनी आम्हाला हाच पहिला विचारला.

जन्मापासून असेल तर एक शक्यता डाऊन सिंड्रोमची. तिथे खरं तर जीभ फार मोठी नसते, तोंडाची पोकळी लहान आणि स्नायू सैल, म्हणून ती बाहेर येते. डोळ्यांची ठेवण, तळहातावर एकच आडवी रेघ, अंग लुळं, हे बघून डॉक्टरांना अंदाज येतो आणि कॅरिओटाइप या क्रोमोसोम बघायच्या टेस्टने नक्की होतं. अशा बाळाची हृदयाची इको लगेच करून घ्या, कारण जवळपास निम्म्या मुलांना हृदयाचा काहीतरी दोष असतो, आणि थायरॉइड पुढेही दरवर्षी बघावं लागतं.

जन्मताना सगळं ठीक होतं आणि सहा महिने, वर्षभरानंतर जीभ जाड व्हायला लागली, चेहरा हळूहळू भरड झाला, कान सारखे फुटतात, नाक कायम वाहतं, हर्निया निघाला, पोट मोठं, सांधे आखडल्यासारखे, पाठीला खाली कुबड आल्यासारखं, तर एमपीएस नावाच्या आजारांचा विचार करावा लागतो. हर्लर आणि हंटर हे त्यातले दोन प्रकार. पेशींमधला कचरा मोडायचं एक एन्झाइम नसतं आणि तो कचरा साठत जातो, जिभेतही साठतो. लघवीची जीएजी टेस्ट आणि मग रक्तातलं एन्झाइम, अशी तपासणी असते. हर्लरमध्ये बोनमॅरो ट्रान्सप्लांट साधारण दोन-अडीच वर्षांच्या आत झालं तर फायदा जास्त, म्हणून 'मोठा झाला की सुधारेल' या वाक्यावर महिने घालवू नका. आणि पॉम्पे नावाचा आजार, त्यात काही महिन्यांचं बाळ एकदम लुळं पडतं, मान धरत नाही, धाप लागते, जीभ मोठी आणि एक्स-रेत हृदय मोठं. लुळं बाळ, मोठी जीभ, मोठं हृदय असं तिन्ही एकत्र आलं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जायचं. या आजारांची एन्झाइमची औषधं भयंकर महाग आहेत, पण केंद्र सरकारची २०२१ची दुर्मिळ आजारांची पॉलिसी आहे, त्यात ठरलेल्या सेंटरमार्फत ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि पॉम्पे आणि एमपीएसचे काही प्रकार त्या यादीत आहेत. मुंबईत केईएम हे असं सेंटर आहे. तिथे नाव नोंदवणं हे पहिलं काम, पैसे जमवायचं आवाहन व्हॉट्सअपवर फिरवणं नंतर.

आता आमचा विषय. बेकविथ-वीडेमन. अमेरिकेतले डॉ. बेकविथ यांनी १९६३मध्ये आणि जर्मनीतले डॉ. वीडेमन यांनी १९६४मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे लांबलचक नाव, आम्ही घरी बीडब्ल्यूएस म्हणतो. साधारण दहा ते चौदा हजार जन्मांत एक. दहातल्या नऊ मुलांची जीभ मोठी असते, पण डॉक्टर नुसत्या जिभेवर ठरवत नाहीत, बाकीच्या खुणा शोधतात, आणि त्यातल्या बऱ्याच खुणा घरच्यांनाच आधी दिसतात. आमच्याकडे कशा दिसल्या सांगते. बारशाला माझ्या आईने चांदीचे वाळे आणले होते. डाव्या पायात वाळा सहज गेला, उजव्या पायात टाचेशी अडकला. आई म्हणाली सोनाराने एक लहान केला, परत देऊया त्याला, उद्या जाते. मी दोन्ही वाळे एकावर एक ठेवून बघितले तर तंतोतंत सारखे. मग दोरा घेतला, पोटरीला गुंडाळून खूण केली, दुसऱ्या पायाला लावला, जवळजवळ बोटभर फरक. शरीराची एक बाजू जास्त वाढणं ही बीडब्ल्यूएसची मोठी खूण आहे आणि ती आम्हाला सोनारावर संशय घेताना सापडली. कानाच्या पाळीवर आडवी घडी किंवा पाळीच्या मागे बारीक खळगे, कपाळावर मधोमध लालसर डाग, बेंबीचा हर्निया किंवा जन्मताना बेंबीतून आतडं बाहेर असणं, गरोदरपणात गर्भजल जास्त असणं, मोठी वार, सोनोग्राफीत मोठ्या किडन्या. यातलं जे असेल ते वहीत लिहून न्या. डॉक्टर त्याला पॉइंट देतात, जीभ, बेंबीतून बाहेर आलेलं आतडं, एका बाजूची वाढ यांना दोन-दोन आणि घडी, डाग, वजन वगैरेंना एकेक. दोन किंवा जास्त झाले की जेनेटिक टेस्ट करावी असं आहे, चार झाले तर टेस्ट निगेटिव्ह आली तरी बीडब्ल्यूएसच धरतात.

टेस्टचं नाव मिथिलेशन एमएलपीए. ११ नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा बघतात. आपल्याकडे प्रत्येक क्रोमोसोम दोन, एक आईचा एक बाबांचा, आणि बहुतेक जीन दोन्हीकडचे चालतात, पण या तुकड्यावर काही जीन असे आहेत की एकाकडचाच चालू आणि दुसऱ्याकडचा मुद्दाम बंद ठेवलेला. वाढ करवणारा आयजीएफ२ हा बाबांकडचा चालू असतो, वाढीला आवर घालणारा सीडीकेएन१सी हा आईकडचा. ती चालू-बंदची खूण बिघडली की वाढ जास्त आणि आवर कमी. सगळा घोळ एवढाच आहे. साध्या एक्सोम टेस्टमध्ये, म्हणजे जीनमधली अक्षरं वाचायच्या टेस्टमध्ये, ही खूण दिसत नाही, म्हणून कोणी महागडी एक्सोम आधी करायला सांगितली तर विचारा की मिथिलेशनची केली का. आमचे त्यात बरेच पैसे आणि तीन महिने गेले, कुठे गेले ते लिहीत नाही. अजून एक, हा बिघाड बऱ्याचदा शरीराच्या काही पेशींतच असतो, त्यामुळे रक्त निगेटिव्ह आलं तरी विषय संपत नाही, गालाच्या आतल्या बाजूचा नमुना किंवा पुढे ऑपरेशन झालं तर जिभेचाच तुकडा टेस्टला पाठवता येतो. हे ऑपरेशनच्या आधी सांगून ठेवायचं, नंतर तो तुकडा फॉर्मलिनमध्ये पडला की डीएनएला फार उपयोगाचा राहत नाही.

घरचं रोजचं आता. दूध. मोठ्या जिभेला स्तनाभोवती पकड जमत नाही, हवा जाते, बाळ दमतं. पूर्ण आडवं घेऊन पाजू नका, डोकं बऱ्यापैकी वर, किंवा दोघंही कुशीवर झोपून, जे जमेल ते, आणि एक फीड अर्ध्या तासाच्या वर गेलं तर बाळ जेवढं पितंय त्यापेक्षा जास्त घालवतंय असं समजा. आम्ही शेवटी दूध काढून बोंडल्याने पाजलं. माझ्या आजेसासूबाईंचं चांदीचं बोंडलं माळ्यावर होतं, ते उकळून घ्यायचं, चोच गालाच्या आत बाजूला ठेवायची, जिभेच्या वर नाही, आणि थेंब थेंब, गिळल्याचा आवाज आला की पुढचा थेंब. चुकून भरकन ओतलं की ठसका. काहींना मऊ, दाबून दूध येणाऱ्या खास निपलची बाटली जास्त जमते. पुरतंय की नाही ते वजनावर ठरवा, पहिल्या दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत आलं पाहिजे आणि मग दिवसाला २० ते ३० ग्रॅम, आणि दिवसाला सहा-सात वेळा शू. गुटगुटीत दिसतंय म्हणून वजन टाळू नका, ही बाळं उपाशी असली तरी गुटगुटीतच दिसतात.

जीभ सुकून फुटते, तिला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं मलमलचं फडकं हलकेच लावायचं, ओठांना साधं व्हॅसलिन. मध लावायचा नाही. मला माहितीये आपल्याकडे जिभेवर मधाने ओम काढतात, गुटीत मध घालतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझमचा धोका असतो, कुठल्याच बाळाला देऊ नये. तसंच घरोघरी असलेलं ते बोरॅक्सवालं ग्लिसरीन, तेही नाही, बाळ ते चाटून गिळतं आणि बोरॅक्स विष आहे.

झोप. सगळ्या बाळांना पाठीवर झोपवतात, पण जीभ मागे पडून श्वास अडत असेल तर डॉक्टर कधी कधी कुशीवर ठेवायला सांगतात, ते त्यांनी सांगितलं तरच आणि ऑक्सिजनचं मीटर लावून बघितल्यावर, आपल्या मनाने नाही, आणि उशी-दुपटं लावून टेकू तर अजिबात नको. झोपेत घोरणं, मधेच श्वास थांबून मग दचकून घेणं, मान मागे टाकून झोपणं, घामाने डोकं ओलं होणं, हे दिसलं की झोपेची तपासणी करून घ्या. आणि कुठल्याही कारणाने भूल द्यायची असेल, हर्निया असो की अजून काही, भूलतज्ज्ञांना आधी भेटून सांगायचं की जीभ मोठी आहे आणि साखर खाली जाऊ शकते. मी हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून ठेवलंय. उपाशी ठेवतात तेव्हा साखरेचं विसरायला होतं, आम्हाला एकदा मीच आठवण करावी लागली.

जिभेच्या ऑपरेशनचं सगळे विचारतात. सगळ्यांना लागत नाही. बीडब्ल्यूएसमधल्या साधारण चाळीस टक्के मुलांना लागतं, बाकीच्यांचा जबडा मोठा होत जातो आणि जीभ त्यात मावते. श्वास अडत असेल, दूध-जेवण होतच नसेल तर लवकर, नाहीतर वर्ष-दोन वर्षं थांबतात. खालचे पुढचे दात बाहेर ढकलले जात असतील, वरचे-खालचे दात मिटल्यावर मधे फट राहत असेल, बोलणं अडत असेल, ही बाकीची कारणं. आमचं तिसऱ्या वर्षी झालं. जिभेच्या पुढून आणि मधून तुकडा काढून शिवतात, टाके आपोआप विरघळतात. पहिले तीन-चार दिवस जीभ आधीपेक्षाही मोठी सुजते, हे कोणी आधी सांगितलं नसेल तर बघून पाय गळतात, म्हणून सांगतेय. एक-दोन दिवस आयसीयूत श्वासाची नळी ठेवू शकतात. मग दोन-तीन आठवडे पातळ, गार, बिनतिखटाचं, आमच्याकडे ताक, नाचणीची गार पेज आणि आइस्क्रीम, आइस्क्रीमवर तो अर्थातच खूश. चव जाईल का ही माझी भीती होती, चव शाबूत राहिली, कारल्याची भाजी तो आजही लांबूनच ओळखतो. सर्जन निवडताना एकच प्रश्न विचारा, हे ऑपरेशन लहान मुलांत तुम्ही किती केलीत. प्लॅस्टिक सर्जन की जबड्याचे सर्जन यापेक्षा तो आकडा आणि मुलांचं आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

बोलण्याचं मजेशीर असतं. प, ब, म म्हणायला ओठ मिटावे लागतात, आणि मधे जीभ असली की ओठ मिटत नाहीत, मग मूल जिभेचं टोक वरच्या ओठाला लावून तो आवाज काढतं. आमचा 'बाबा' म्हणायचा ते ऐकायला दादा आणि बाबाच्या अध्येमध्ये कुठेतरी यायचं, त्यामुळे त्याचा चुलतभाऊ आणि माझा नवरा दोघंही दर वेळी 'मला हाक मारली' म्हणून भांडायचे. त, थ, द, स, च यातही जीभ पुढे येते. स्पीच थेरपी ऑपरेशनची वाट न बघता सुरू करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे. बाकी जिल्ह्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं सेंटर असतं, अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या त्या पथकाकडून चिठ्ठी मिळते. आणि जीभ बाहेर म्हणजे मूल मंद असं लोक धरूनच चालतात, एसटीत एका बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं की 'समजतं का याला?' साखरेचा त्रास वेळेवर सांभाळला गेला असेल तर बीडब्ल्यूएसची बहुतेक मुलं बुद्धीने सर्वसाधारण असतात. आमच्याने त्या बाईंना उत्तर स्वतःच दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि आता ते, ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले. जिभेचं ऑपरेशन झालं, मूल छान दिसायला लागलं, की घरचे सुटलो म्हणतात आणि सोनोग्राफी बंद करतात. करू नका. बीडब्ल्यूएसमध्ये किडनीची विल्म्स आणि लिव्हरची हेपॅटोब्लास्टोमा या कॅन्सरच्या गाठींचा धोका असतो, सगळे मिळून साधारण शंभरात आठ मुलांना, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या सात-आठ वर्षांत. गाठ लहान असताना सापडली तर ट्रीटमेंट हलकी होते. म्हणून पोटाची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, वयाच्या सातव्या वाढदिवसापर्यंत. सहा महिन्यांनी नाही, तीनच. जेनेटिक रिपोर्ट इथे परत कामाला येतो कारण धोका प्रकाराप्रमाणे फार बदलतो, ११ नंबरच्या त्या तुकड्यावर चालू-बंदच्या दोन जागा आहेत, आयसी१ आणि आयसी२, त्यातल्या आयसी१चा बिघाड असेल तर तो २८ टक्क्यांपर्यंत जातो, तुकड्याच्या दोन्ही प्रती बाबांकडच्याच असतील तर १६ टक्के, आणि सगळ्यात कॉमन जो आयसी२चा बिघाड त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास. त्या शेवटच्या प्रकारात युरोपातले डॉक्टर ठरावीक सोनोग्राफी करत नाहीत, अमेरिकेतले करतात, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. एएफपी नावाची रक्ताची टेस्ट पण काही जण चार वर्षांपर्यंत करतात. तिचा एकच आकडा बघून घाबरू नका, लहान बाळांत आणि त्यातून बीडब्ल्यूएसमध्ये तो तसाही वर असतो, तो हळूहळू उतरतोय ना ते बघायचं. सगळे आकडे तारखेसकट एकाच कागदावर लिहा.

सोनोग्राफीला जाताना सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे उपाशी राहायचा वेळ झोपेतच जातो. चिठ्ठीवर नुसतं 'पोटाची सोनोग्राफी' नको, 'बीडब्ल्यूएस, किडनी आणि लिव्हरमध्ये गाठ आहे का, किडनीचं माप' असं लिहून घ्या, आणि शक्यतो तेच सेंटर, मागचे रिपोर्ट बरोबर. एकदा दुसरीकडे गेलो तर 'किडन्या मोठ्या' असं लिहून आलं आणि आम्ही रात्रभर जागे, मागच्या चार रिपोर्टमध्येही त्या तेवढ्याच मोठ्या होत्या. शिवाय आंघोळीच्या वेळी आठवड्यातून एकदा पोटावर हलका हात फिरवायची सवय ठेवा, दाबायचं नाही. कडक काही लागलं किंवा लघवी लाल दिसली तर तीन महिन्यांची तारीख विसरा आणि त्याच दिवशी जा.

दुसऱ्या बाळाचं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. बीडब्ल्यूएसमध्ये दहातल्या आठ-नऊ घरांत आधी कोणालाच नसतं आणि कॉमन प्रकारांत पुढच्या बाळाला यायची शक्यता एक टक्क्याच्याही खाली असते, पण सीडीकेएन१सीमध्ये बदल असेल आणि तो आईकडून आला असेल तर निम्मी, म्हणून रिपोर्ट घेऊन जेनेटिक काउन्सेलरकडे जाऊनच ठरवा. हर्लर, पॉम्पे यात आई आणि बाबा दोघंही वाहक असतात, प्रत्येक वेळी चारात एक, आणि आपल्याकडे मामेबहिणीशी, आतेभावाशी लग्नं होतात त्या घरांत हे जास्त दिसतं. हंटर आईकडून मुलग्यांना जातो, त्यामुळे मावश्यांनाही सांगायला हवं. आयव्हीएफच्या बाळांत बीडब्ल्यूएस जास्त दिसतं हे खरं आहे, पण आमचं तसं काही नव्हतं, कवठाचं सोडलं तर.

आमच्या चोवीस सोनोग्राफ्या झाल्या. पहिल्या पहिल्यांदा तो जेलच्या गार थेंबाला किंचाळायचा, आता स्वतःच शर्ट वर करतो आणि डॉक्टरांना सांगतो की आधी उजवी किडनी दाखवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या चार तारखा त्यानेच लाल खडूने गोल केल्यात.